गोठा तिचा, नोंद कुणाची?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून घोषित केले. कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणूनही २०२६ याच वर्षाची निवड झाली. हे दोन्ही ठराव वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या देशांच्या पुढाकाराने झाले. तरीही जमीन कसणारी स्त्री आणि जनावरे राखणारी कुटुंबे यांचे प्रश्न एकाच वर्षी जगापुढे यावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. आपल्या देशातही २०१७पासून १५ ऑक्टोबर हा दिवस ‘महिला किसान दिवस’ म्हणून पाळला जातो. अशा दिवसांचे आणि वर्षांचे सोहळे होतात, भाषणे होतात, सत्कार होतात आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा खुरपे घेऊन निंदणीला जाते, हा अनुभव जुना आहे. त्यामुळे सुज्ञ मनुष्य अशा घोषणांकडे काहीसा साशंकतेने पाहतो आणि ती साशंकता अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि, या निमित्ताने एक प्रश्न गांभीर्याने विचारण्याजोगा आहे. शेती आणि पशुपालन यांविषयी विकसनशील देशांत जे संशोधन होते, ते नेमके कोणाला विचारून होते?

ग्रामीण भागात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना पुढील प्रसंग अपरिचित नसेल. हातात वही आणि छापील प्रश्नावली घेऊन एखादा सर्वेक्षक अंगणात येतो. समोर शेणाने भरलेल्या हातांनी घरची बाई उभी असते. तो विचारतो, “मालक आहेत का घरात?” ती म्हणते, “तालुक्याला गेलेत, संध्याकाळच्याला या.” सर्वेक्षक संध्याकाळी येतो. मालक ओट्यावर बसून उत्तरे देतात. म्हैस किती दूध देते, चारा किती लागतो, गेल्या वर्षी कोणता आजार झाला होता, हे सांगता सांगता ते अधूनमधून घरात तोंड करून विचारतात, “अगं, रेडी कधी दगावली आपली?” आतून उत्तर येते. वहीत ते मालकांच्या नावावर लिहिले जाते. त्या वहीवरून तक्ते होतात, तक्त्यांवरून शोधनिबंध आणि शोधनिबंधांवरून सरकारी योजना. ज्या बाईने खरी माहिती दिली, ती या सगळ्या प्रवासात उंबऱ्याच्या आतच राहते.

येथे तिच्यावर अन्याय झाला, हे तर खरेच. पण केवळ एवढेच म्हणून थांबणे पुरेसे नाही. अन्यायाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही विज्ञानाची चूक आहे. ज्याला काम ठाऊक आहे त्याला सोडून भलत्यालाच विचारले, तर मिळणारे उत्तर अपुरे असते आणि अपुऱ्या उत्तरावर उभारलेले तंत्र शेतात टिकत नाही. कृषी संशोधनात स्त्रीचा विचार करावा, ही मागणी दयेपोटी किंवा फॅशन म्हणून करण्याची आवश्यकता नाही. संशोधन यशस्वी व्हावे, एवढ्या एका कारणासाठी ती पुरेशी आहे.

म्हशीचेच उदाहरण घेऊ. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरावर उडते. ते कोणाच्याही ध्यानात येते. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. त्याची लक्षणे बारीक असतात आणि ती रात्री किंवा पहाटे अधिक दिसतात. थोडी सोट पडते, दूध किंचित आटते, जनावर अस्वस्थ होते आणि वैरणीला तोंड लावत नाही. पहाटे शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या व्यक्तीलाच हे उमगते, आणि बहुसंख्य घरांत ती व्यक्ती स्त्री असते. माजाची लक्षणे दिसल्यापासून साधारणपणे बारा तासांच्या सुमारास कृत्रिम रेतन झाले, तर म्हैस गाभण राहण्याची शक्यता अधिक. तो माज हुकला की पुढच्या माजाची वाट पाहण्यात सुमारे २१ दिवस जातात आणि तेवढ्या दिवसांचा चारा, पेंड फुकट जाते. आता पाहा, माज ओळखण्याचे शिक्षण देणारे शिबिर तालुक्याच्या गावी भरते, सकाळी अकराला भरते आणि त्याला पुरुष जातात. रेतनाची मात्रा उत्तम, वळू उत्तम, शीतसाखळी उत्तम. पण ज्या डोळ्यांनी माज पाहायचा त्या डोळ्यांपर्यंत ज्ञान पोहोचलेलेच नाही. मग ‘शेतकरी सहकार्य करीत नाहीत’ असा शेरा अहवालात पडतो.

असे प्रकार केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ ईस्टर बोसेरूप यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते, की आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात अन्नधान्याची शेती प्रामुख्याने स्त्रिया करीत आल्या. परंतु वसाहतकाळातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी शेतकरी म्हणजे पुरुष असे गृहीत धरले आणि नवी अवजारे, नवी पिके, नवे शिक्षण पुरुषांनाच दिले. वसाहती संपल्या, पण ती समजूत संपली नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाचा अनुभव त्या दृष्टीने बोलका आहे. तेथे नदीकाठच्या दलदलीत भात पिकविणे हे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचे काम. भाताचे ज्ञान त्यांचे आणि अनेक खाचरांवर वैयक्तिक हक्कही त्यांचाच. त्या भाताचे काय करायचे हे त्याच ठरवीत. १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय साहाय्याने जाहाली-पाचार येथे सुमारे दीड हजार हेक्टरांवर पाण्याची सोय करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला. पूर्वीच्या योजनांतील चुका टाळण्यासाठी खाचरांची नोंद स्त्रियांच्या नावे करावी, असे या वेळी कागदावर ठरलेही होते. प्रत्यक्षात ती जमीन ‘कुटुंबाची’ ठरली आणि तिचा ताबा कुटुंबप्रमुखाकडे गेला. वर्षाला दोन पिके निघू लागली, म्हणजे स्त्रियांचे श्रम वाढले. उत्पन्नावरचा हक्क मात्र गेला. परिणामी स्त्रियांनी मजुरी मागितली, काहींनी काम नाकारले आणि घराघरांत कलह झाले. कालवे, पंप, बियाणे यांत काही उणे नव्हते. घरात श्रम कोणाचे आणि धान्य कोणाचे, याचा हिशेब मात्र नीट मांडला गेला नव्हता.

मालावीची गोष्ट वेगळी आहे, पण तिचा बोध तोच. मका हे तेथील मुख्य अन्न. मक्याच्या पिठाचा ‘न्सिमा’ हा घट्ट शिजवलेला पदार्थ तेथे दोन्ही वेळा खाल्ला जातो. त्यासाठी स्त्रिया मका उखळात कांडीत आणि घरच्या कणगीत साठवीत. स्थानिक मक्याचा दाणा टणक. त्यामुळे तो कांडताना पीठ चांगले पडते आणि सोंडेकिडाही कमी लागतो. संशोधकांनी भरघोस उत्पादन देणारे संकरित वाण आणले. त्यांचा दाणा मऊ होता. शेतात पीक अधिक, पण उखळात तूस आणि चुरा जास्त आणि कणगीत कीड. त्यामुळे अनेक वर्षे शेतकरी कुटुंबांनी संकरित मका विकण्यापुरता पेरला आणि खाण्यासाठी जुनाच राखला. अखेर १९९० साली टणक दाण्याकडे झुकणारे दोन संकरित वाण प्रसारित झाले, तेव्हा कुठे त्यांचा स्वीकार वेगाने होऊ लागला. उखळापाशी उभ्या असलेल्या बाईला आधीच विचारले असते, तर मधली वर्षे वाचली असती.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा वाटू नये. देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ साली प्रसारित झाला. उत्पादनाच्या आकड्यांनी सारे हरखून गेले, आणि धान्यटंचाईच्या त्या काळात ते स्वाभाविकही होते. त्या संशोधनाने लाखो लोकांच्या पोटात अन्न घातले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण ‘हायब्रीडची भाकरी’ हे शब्द ज्यांच्या घरात नाक मुरडून उच्चारले गेले, त्या पिढीला त्यातले उणेही आठवत असेल. पावसात सापडलेला दाणा काळा पडे, भाकरी नीट थापली जात नसे, चवीला उतरत नसे. धाटे बुटके, म्हणून कडबा कमी. आता भाकरी थापणारी कोण आणि संध्याकाळी जनावरांपुढे वैरण टाकणारी कोण? दाणा आणि कडबा या दोन्हींची पारख एकाच हाताला होती. मोहोळच्या मालदांडीला आजही रब्बीत मागणी आहे, ती तिच्या भाकरीमुळे आणि कडब्यामुळे. केवळ एकरी क्विंटलांचा हिशेब मांडणाऱ्या संशोधनाने या दोन गोष्टींना फार उशिरा महत्त्व दिले.

घराच्या परसातील कोंबडी हा तर संपूर्णपणे गृहिणीचा व्यवहार. अडीअडचणीला दोन अंडी विकून मीठमिरची आणावी, पाहुणा आला तर कोंबडा कापावा, लेकीला सासरी पाठवताना हातावर चार पैसे ठेवावेत. हे सारे तिच्या मर्जीने चालते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात परसातील कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी होत्या आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. हे धन क्षुल्लक नव्हे. त्यासाठी वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जाती आपल्या संशोधन संस्थांनी विकसित केल्या. त्या लवकर वाढतात, अंडी अधिक देतात, आणि अनेक कुटुंबांना त्यांचा लाभ झाला आहे. परंतु अंड्यांचे प्रमाण वाढवायचे तर कोंबडीने खुडूक होणे हा संशोधकाच्या दृष्टीने दोष ठरतो. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबविते. गृहिणीच्या दृष्टीने मात्र खुडूक कोंबडी म्हणजेच तिची उबवणी यंत्रणा. देशी कोंबडी अंड्यांवर बसते, पिले काढते, त्यांना घार-मांजरापासून राखते. सुधारित कोंबडी सहसा बसत नाही. दर वेळी पिले विकत आणायची म्हणजे हातात रोकड हवी, आणि उबवणी केंद्र तर तालुक्याला. यात सुधारित जात वाईट असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ज्याला आपण दोष म्हणतो तो कोणाच्या तरी भांडवलाचा भाग असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले की तिच्या जोडीला दोन देशी कोंबड्या राखण्याचा साधा उपायही सुचतो.

कोंबड्यांच्या मानमोडीचे उदाहरण याच्या उलट, म्हणजे योग्य प्रश्न विचारला तर काय साधते ते दाखविणारे आहे. हा रोग आपल्याकडे कुमाऊँमधील राणीखेतच्या नावाने ओळखला जातो. त्याची साथ आली की गावातील खुराडी रिकामी होतात. लस पूर्वीपासून होती. परंतु तिची एक कुपी शेकडो पक्ष्यांसाठी आणि ती सतत थंड ठेवायला हवी. ज्या बाईकडे आठ-दहा कोंबड्या आहेत आणि शीतकपाट नाही, तिने ती कशी वापरावी? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या अडचणीपासूनच सुरुवात केली आणि उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी, डोळ्यांत थेंब टाकून देता येणारी लस विकसित केली. मोझांबिक, टांझानिया आदी देशांत ती खेडोपाडी पोहोचली आणि गावातील स्त्रियाच प्रशिक्षण घेऊन लस टोचकाचे काम करू लागल्या. लसीचा शोध लागला तो प्रयोगशाळेतच. पण तिचे रूप ठरविले ते खुराड्याने.

उत्पादन वाढले, म्हणजे सारे साधले असेही नव्हे. केनियाच्या दुग्धोत्पादक भागांत सकाळचे दूध संघाला जाते आणि त्याचे पैसे बहुधा पुरुषांच्या हाती येतात. संध्याकाळचे दूध घरासाठी आणि शेजारीपाजारी विकण्यासाठी स्त्रियांच्या ताब्यात राहते, अशी रूढ वाटणी अभ्यासकांनी नोंदवली आहे. संध्याकाळच्या दुधाचेही संकलन सुरू झाले, की आकडा वाढतो. परंतु मुलांच्या पेल्यातले दूध आणि आईच्या कनवटीचे पैसे, दोन्ही आटतात. आपल्या गावातील दूध सोसायटीचे सभासदत्व कोणाच्या नावावर आहे आणि पंधरवड्याचे बिल कोणाच्या खात्यात जमा होते, हे तपासून पाहिले तर केनिया फार दूर नाही, असे आढळेल. याला उत्तर नाही असे नाही. तिरुपती येथे २०१४ साली स्थापन झालेली ‘श्रीजा’ ही दूध उत्पादक कंपनी केवळ महिला सभासदांची आहे. तेथे सभासद ती, मत तिचे आणि पैसेही तिच्याच खात्यात. गोठा सांभाळणारी आणि हिशेब सांभाळणारी एकच असली, की पुढच्या वर्षी कोणती कालवड ठेवायची हा निर्णयही अधिक डोळसपणे होतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम या संदर्भात उल्लेखनीय आहे. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ जातीची मेंढी आकाराने लहान, पण एका वेताला दोन-दोन कोकरे देणारी. तिच्यातील या गुणाचे जनुक दख्खनी मेंढीत आणून, पुढे तिचा मूळ बांधा टिकवून, ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार करण्यात आला. विशेष म्हणजे ही पारख संस्थेच्या आवारातच झाली असे नव्हे. मेंढपाळांच्या कळपांतही ती झाली. जुळी कोकरे म्हणजे उत्पन्नात वाढ. परंतु जुळ्यांतले एखादे अशक्त निघते, त्याला वेगळे पाजावे लागते, रात्री उबेत ठेवावे लागते. कळप घेऊन पुरुष रानात गेल्यावर वाड्यावर राहून ते कोण करते, हे धनगर कुटुंबांत वावरलेल्यांना सांगायला नको. म्हणून अशा संशोधनाच्या हिशेबात कोकरांची संख्या एका रकान्यात, तर त्यासाठी वाढलेले तिचे तास दुसऱ्या रकान्यात लिहिले पाहिजेत. कमाई दुप्पट आणि श्रमही दुप्पट, अशा प्रगतीची किंमत एकटीने का मोजावी?

येथे एक आक्षेप संभवतो. हा सारा स्त्री-पुरुष भेदाचा विचार परदेशी संस्थांनी आणलेला आहे. आपल्या कुटुंबव्यवस्थेत असे ‘तुझे-माझे’ नसते. तो घरात शिरला तर घर फोडील. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. कुटुंब हे समाजाचे मूळ एकक आहे, यात वाद नाही. पण कुटुंब एक असणे आणि कुटुंबात एकच माणूस असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधक जेव्हा कुटुंबप्रमुखाला विचारून थांबतो, तेव्हा तो कुटुंबाचा सन्मान करीत नाही. कुटुंबातील निम्म्या ज्ञानाकडे पाठ फिरवितो. गांबियात घरे मोडकळीला आली, ती स्त्रियांना विचारल्यामुळे नव्हे. त्यांचे श्रम धरून त्यांचा हक्क वगळल्यामुळे आली. आपल्या परंपरेकडे पाहिले तर ‘सीता’ या शब्दाचा मूळ अर्थच नांगराने पडलेली तास. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या शेतीची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा घरची सुवासिनी करते, कारण गोधनाशी तिचे नाते रोजचे आहे. ज्या संस्कृतीने हे जाणले, तिच्या वारसांना शेतकरीण कोण हे परदेशी संस्थेने शिकवावे लागत असेल, तर दोष त्या संस्थेचा मानावा की आपल्या विस्मरणाचा?

वास्तविक आपल्याच एका थोर शास्त्रज्ञाने हा विचार फार पूर्वी मांडला होता. डॉ. म. सं. स्वामिनाथन फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे महासंचालक असताना १९८३ साली तेथे भातशेतीतील स्त्रियांच्या भूमिकेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या संस्थेचे नाव हरितक्रांतीशी जोडलेले, तेथेच हा विषय ऐरणीवर यावा, ही गोष्ट सूचक आहे. पुढे राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांविषयीचे खासगी विधेयकही मांडले. जमीन नावावर असो वा नसो, शेतीत राबणाऱ्या स्त्रीला शेतकरी म्हणून ओळख मिळावी, हे त्याचे सूत्र होते. २०१३ साली ते व्यपगत झाले. स्वामिनाथन यांना २०२४ साली मरणोत्तर भारतरत्न लाभले. त्यांच्या त्या विधेयकाची आठवण मात्र फार थोड्यांनी काढली.

प्रयत्न झालेच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भुवनेश्वर येथे १९९६ साली केवळ कृषिक्षेत्रातील महिलांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन केले आणि आज ती केंद्रीय संस्था आहे. स्त्रीच्या उंचीला आणि ताकदीला मानवतील अशा अवजारांवर तेथे आणि अन्यत्र काम झाले आहे. कृषी विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेत ३० टक्के साधनसामग्री महिला शेतकऱ्यांसाठी राखण्याची तरतूद आहे. पण आपल्या कृषी विद्यापीठांत दीर्घकाळ स्त्रियांचा विषय ‘गृहविज्ञान’ या एका विभागाकडे सोपविला गेला, याचा अर्थ काय होता? पीकपैदास, पशुप्रजनन, कृषी अभियांत्रिकी हे पुरुषांच्या शेतीचे विषय आणि लोणची-पापड हे स्त्रीचे, अशी ती विभागणी होती. विभागाचे नाव पुढे बदलले. दृष्टीही बदलायला हवी. स्वतंत्र संस्था हवी, तसेच प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर तीन प्रश्न हवेत. हे काम आज कोण करते? नव्या तंत्राने कोणाचे श्रम वाढतील वा घटतील? आणि वाढलेले उत्पन्न कोणाच्या हाती जाईल?

तिसरा प्रश्न अखेर सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो. २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेती व संलग्न व्यवसायांत आहेत. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. पुरुष शहराकडे, बांधकामाकडे, कारखान्याकडे वळले आणि शेत बाईच्या हाती राहिले. मात्र २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण अवघे १४ टक्क्यांच्या आसपास होते. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज नाही, अनुदानाची यादी नाही, प्रशिक्षणाचे निमंत्रण नाही आणि सर्वेक्षकाच्या वहीत नावही नाही. घरचा कर्ता गेल्यावर तर तिची परवड पाहवत नाही. शरद जोशी यांनी १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावावर जमीन केली. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातील शेतजमिनीबाबतचा अडसरही दूर झाला. कायदा आपल्या जागी आहे. मन मात्र अजून बांधावरच घुटमळते आहे.

एक सावधगिरी येथे नमूद केली पाहिजे. ‘स्त्री’ हा एकच एक वर्ग नाही. तणनाशक आले की बागायतदाराच्या घरच्या स्त्रीची मजूर शोधण्याची दगदग वाचते. परंतु निंदणीच्या मजुरीवर चूल पेटविणाऱ्या भूमिहीन स्त्रीचा रोजगार त्याच दिवशी बुडतो. कापणी यंत्राचेही तसेच. म्हणून ‘महिलांसाठी लाभदायक’ अशी मोहोर उठविण्यापूर्वी कोणत्या महिलांसाठी, हे विचारले पाहिजे. वाडीवस्तीवरची, पाड्यावरची, मजुरीवर जाणारी स्त्री या हिशेबातून गळली, तर एका चुकीच्या जागी आपण दुसरी चूक करू.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली असा निष्कर्ष काढला होता, की पुरुषांइतकीच साधने मिळाली तर स्त्रियांच्या शेतातील उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल. २०२३च्या अहवालात तिने म्हटले, की ही दरी बुजली तर जगातील सुमारे साडेचार कोटी लोकांची अन्नअसुरक्षितता दूर होईल. आकड्यांत थोडेफार इकडेतिकडे होईल. दिशा निःसंशय आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो ठेवा जपला, त्याची दखल २०२० साली पद्मश्रीने घेतली गेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीच्या कणगीत जे वाण सापडले, त्यांकडे शास्त्रज्ञ आज कुतूहलाने पाहतात. बायफ या संस्थेचे कार्यकर्ते तिच्या दारी गेले, त्यांनी तिला विचारले, म्हणून ते ज्ञान जगापुढे आले. अशा किती कणग्या आणि किती गोठे अजून विचारणाऱ्याची वाट पाहत असतील?

सरकारने आणि विद्यापीठांनी काय करावे, हे सांगणे सोपे आहे. आपण काय करणार? ग्रामविकासाचे काम करणाऱ्यांनी पशुआरोग्य शिबिराची वेळ ठरविण्यापूर्वी गावातील बायाबापड्यांना सवड केव्हा असते, हे विचारावे. शिबिर तालुक्याऐवजी वाडीवर घ्यावे. माणदेशात म्हसवडच्या माणदेशी संस्थेने स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण दिले आणि त्या आज दारोदार जाऊन हे काम करतात. असे दहा तालुक्यांत करणे अवघड नाही. दूध सोसायटीच्या पुढच्या सभेत सभासदत्व गोठा राखणारीच्या नावावर करण्याचा ठराव मांडावा. आणि शहरात स्थिरावलेल्या, परंतु गावाकडची जमीन अद्याप राखून असलेल्या आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी या वेळी सुटीत गावी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सातबारा काढून त्यावर आईचे, वहिनीचे, बहिणीचे नाव आहे का ते पाहावे आणि नसेल तर ते लावण्याचा विषय घरात काढावा. दुसरी त्याहून सोपी आहे. गोठ्यात जाऊन काकूला विचारावे, “ही म्हैस यंदा उशिरा का गाभण राहिली?” ती जे सांगेल ते नीट ऐकावे आणि गावी पशुवैद्यक येतील तेव्हा तिलाच त्यांच्याशी बोलू द्यावे.